तोळ्याला सात ग्रेन कमी

जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजचे सराफ सोयीसाठी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण ब्रिटिशांनी १८३३ साली हिंदुस्थानातल्या वजनांना शिस्त लावली तेव्हा तोळा ठरला बरोबर १८० ग्रेनचा. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या सोनारांची गुंज तसं विलायतेतल्या सोनारांचं हे दाण्याचं माप. सोन्याच्या तागडीवरून ग्रेन कधीच उतरला, औषधांच्या दुकानातूनही गेला, पण एका धंद्यात तो अजून ठाण मांडून आहे. बंदुकीची गोळी आजही जगात बहुतेक ठिकाणी ग्रेनमध्ये तोलतात.

ज्या काडतुसाबद्दल सांगायचं आहे त्याची मूळची गोळी १७३ ग्रेनची. तोळ्याला सात ग्रेन कमी. आजीच्या बांगडीएवढंही वजन नाही. पूर्ण वाढलेला आफ्रिकी हत्ती पाच-सहा टनांचा. म्हणजे हत्ती या गोळीच्या साडेचार-पाच लाख पट जड. आणि तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल नावाच्या एका स्कॉटिश माणसाने आयुष्यात हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य याच गोळीने. त्या काळी हत्तीसाठी माणसं अंगठ्याएवढ्या जाड गोळ्यांच्या दुनळी रायफली बाळगत. बेलच्या गोळीची जाडी सव्वासात मिलिमीटर, शिसपेन्सिलीएवढी.

हस्तिदंतासाठी चाललेला तो संहार वाचताना आज पोटात गोळा येतो, आणि यावा. पण त्यात दडलेलं पदार्थविज्ञान विलक्षण आहे, आणि ते कळलं की बंदुकांच्या दुनियेतली एक मोठी गंमतही कळते: सगळ्यात गुणी काडतूस सगळ्यात कमी चर्चेत का आहे?

त्याचं नाव ७×५७ माउझर. ७ म्हणजे नळीचं माप मिलिमीटरमध्ये, ५७ म्हणजे पितळी नळकांड्याची लांबी. जर्मनीच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या पाउल माउझरच्या कारखान्यातून ते १८९२ साली बाहेर पडलं. टोकापासून बुडापर्यंत अख्खं काडतूस ७८ मिलिमीटर, तर्जनीएवढं. वजन पंचवीसेक ग्रॅम. आत दारू अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूट-दोन चिमूट.

आधी बेलचं गणित पाहू.

गोठ्यातल्या पोत्याला आपण दाभणाने शिवतो, खिळ्याने नाही. दोन्ही लोखंडाचेच. हाताचा जोरही तोच. पण दाभणात तो सगळा जोर टोकाएवढ्या जागेत एकवटतो. गोळीचंही तसंच. ती किती आत शिरणार हे तिच्या एकूण वजनावर ठरत नाही. तिच्या तोंडाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती वजन रेटतंय, यावर बरंचसं ठरतं. बेलची गोळी ११.२ ग्रॅमची, तोंडाचं क्षेत्रफळ जेमतेम ४१ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम येतात. आता त्या काळचं हत्तीसाठीचं नावाजलेलं काडतूस घ्या, .४७० नायट्रो एक्सप्रेस. गोळी ५०० ग्रेनची, जवळपास तीन तोळ्यांची, बारा मिलिमीटर जाड. तिचा भागाकार केला तर उत्तर येतं २८ ग्रॅम.

सत्तावीस आणि अठ्ठावीस! वेगही उन्नीस-बीसच, दोन्ही सेकंदाला साडेसहाशे ते सातशे मीटरच्या घरात. मोठ्या गोळीत ऊर्जा अडीच पट, पण ती खर्ची पडते क्षेत्रफळाने अडीच पटीहून मोठं भोक पाडण्यात. खोलीच्या हिशेबात लहान गोळी मोठीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. आणि बेलला हवी होती ती फक्त खोली.

कारण हत्तीचं डोकं हे एक आश्चर्य आहे. बाहेरून दिसतो तो प्रचंड गोल घुमट, पण आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखं हवेच्या कप्प्यांनी भरलेलं हाड. एवढ्या मोठ्या सुळ्यांना आणि सोंडेला आधार द्यायला डोकं मोठं हवं, आणि मानेला पेलवायला हलकं हवं, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना. चार-पाच किलोचा मेंदू या पोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दडलेला. बेलने हत्तीची कवटी उभी करवतून घेतली आणि मेंदू नेमका कुठे बसतो ते कागदावर उतरवलं. मग वेगवेगळ्या कोनांतून, अगदी मागून तिरकंसुद्धा, गोळी तिथवर कशी पोचेल याचा अभ्यास केला. शिसं फुटून पसरू नये म्हणून त्यावर अख्खं धातूचं आवरण असलेली गोळी तो वापरत असे. नेम चुकला तर मात्र हीच बारीक गोळी काहीच कामाची नव्हती. बेल असाधारण नेमबाज होता, हे विसरून त्याचं अनुकरण करायला गेलेले शिकारी पुढे हत्तींच्या पायाखाली आले तर नवल नाही. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती किंवा रानरेड्यासाठी इतक्या लहान काडतुसाला कायद्यानेच मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

बेलला मोठी रायफल नको होती त्यामागे आणखी एक साधं कारण होतं: धक्का. गोळी पुढे जाते तेवढ्याच आवेगाने बंदूक मागे येते. त्या .४७० ची दुनळी खांद्याला जी लाथ मारते तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास ७×५७ ची. आकडा साधा वाटतो, पण ज्याने एकदा जोराची लाथ खाल्ली आहे तो पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच नकळत डोळे मिटतो आणि खांदा आखडतो. नेम तिथेच गेला. नव्या नेमबाजाचे निम्मे नेम या भीतीने चुकतात, असं मला तरी वाटतं. जे काडतूस भीती घालत नाही ते जास्त अचूक लागतं. ते काडतूस अचूक असतं म्हणून नव्हे. माणूस अचूक राहतो म्हणून.

या पंचवीस ग्रॅमच्या वस्तूत आत काय घडतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. प्रत्यक्षात ते दोनेक मिलिसेकंदांत उरकतं. तुमची पापणी लवायला याच्या पन्नासएक पट वेळ लागतो.

बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते. दिवाळीत पोरं दगडाने फोडतात त्या टिकलीची ही थोरली बहीण. तिच्यावर पिन आपटली की ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. ही दारू फटाक्यातली काळी दारू नव्हे. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू तयार केली, ती या कुळातली. ती स्फोटासारखी एकदम फुटत नाही. भराभर पण क्रमाने जळते आणि वायू होत जाते. आतला दाब वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट चढतो. एवढ्या दाबाचा वायू मागे फुटला तर नेमबाजाच्या तोंडावरच येईल. तो अडवतं कोण? पितळ. पातळ पितळी भिंत दाबाने फुगते, पोलादी नळीला आतून घट्ट चिकटते आणि बूच बसल्यासारखी मागची वाट बंद करते. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो, पितळ किंचित आक्रसतं आणि रिकामं नळकांडं सहज बाहेर ओढता येतं. फुगायचं, पण फाटायचं नाही. आक्रसायचं, पण वेळेवर. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त यांच्या मिश्रणाला हे जमतं तितकं सहज दुसऱ्या धातूला जमत नाही. पोलादाची, ॲल्युमिनियमची नळकांडी करून पाहिली गेली, वापरातही आहेत, पण दीडशे वर्षं गादीवर पितळच आहे.

आणि ते घडवण्याची रीत आपल्या तांबटांना लगेच ओळखू येईल. आधी पितळेची जाड चकती. ती ठोशाने दाबून वाटी. वाटी ओढून पेला. पेला ओढून फुलपात्र, आणि फुलपात्र ओढून नळकांडं. प्रत्येक ओढणीनंतर पितळ कडक होतं, पुढे ओढलं तर चिरतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करायचं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडवणारा कारागीर मठारताना पत्रा पुन्हापुन्हा भट्टीत घालतो ते याच कारणाने. फरक इतकाच की काडतुसात शेवटी बूड मुद्दाम कडक ठेवतात आणि गळा मुद्दाम मऊ करतात. एकाच वस्तूत दोन स्वभाव. बुडाला मार सोसायचा असतो, गळ्याला गोळी धरून ठेवायची असते.

पुढे नळीत आटे असतात, पिळाच्या जिन्यासारखे. माउझरच्या नळीत दर २२० मिलिमीटरला एक पूर्ण पीळ. गोळी सेकंदाला सातशे मीटरने बाहेर पडते तेव्हा ती स्वतःभोवती सेकंदाला तीन हजारांहून जास्त गिरक्या घेत असते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक लाख नव्वद हजार. डोक्यावरचा पंखा पाचावर ठेवला तर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. या गिरक्या नसत्या तर जाडीच्या चौपट लांब असलेली ही गोळी हवेत कोलांट्या खात गेली असती. भोवरा फिरतो तोवर टोकावर उभा असतो, थांबला की आडवा. गोळी जितकी लांबट, तितकी तिला गिरकी जास्त लागते. माउझरने घट्ट पीळ देऊन लांबट, जड, बारीक गोळी सरळ चालवली. साऱ्या कथेचं मर्म या एका निर्णयात आहे.

हाच निर्णय जवळपास त्याच वेळी उत्तरेत आणखी एकांनी घेतला. स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एका राजाखाली होते. दोघांनी मिळून १८९४ च्या सुमारास ६.५×५५ हे काडतूस पक्कं केलं. गोळी आणखी बारीक, १५६ ग्रेनची, पीळ आणखी घट्ट, दर २०० मिलिमीटरला एक. मघाचा भागाकार इथे करून पाहा: दर चौरस सेंटिमीटरला साडेअठ्ठावीस ग्रॅमच्या वर. हत्तीच्या रायफलीपेक्षा काकणभर जास्तच! तिथले शिकारी आजही चार-चारशे किलोचे मूस, म्हणजे घोड्याहून उंच सांबरासारखे प्राणी, या जवळपास पेन्सिलीएवढ्याच गोळीने टिपतात. त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे काडतूस लहान आहे. शिकारीच्या गोळीचं तोंड मात्र उघडं शिशाचं असतं, आत गेल्यावर ती छत्रीसारखी उघडते आणि प्राणी लवकर मरतो. सैन्याची गोळी मात्र अखंड आवरणाची. शिसं उघडं ठेवलेली गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात निघाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिला बंदी आली. ‘दमदम बुलेट’ हा शब्द जगाला बंगालच्या एका गावाने दिला.

माउझरकडे परत येऊ. १८९३ साली स्पेनने ७×५७ आपल्या सैन्यासाठी घेतलं. पाच वर्षांनी, १ जुलै १८९८ रोजी, क्यूबात सॅन ह्वानच्या टेकड्यांवर अमेरिकन सैन्याची आणि त्याची गाठ पडली. टेकड्यांवर मूठभर स्पॅनिश सैनिक, समोर त्यांच्या कितीतरी पट अमेरिकन. स्पॅनिश सैनिक पाच काडतुसांची पट्टी अंगठ्याने एका दाबात आत ढकलत. अमेरिकनांची क्राग रायफल काडतुसं एकेक करून घेई. त्यांच्या काही स्वयंसेवक पलटणींकडे तर अजून काळ्या दारूच्या बंदुका होत्या. बार काढला की पांढऱ्या धुराचा ढग, आणि ढगावर स्पॅनिश नेम. टेकड्या अमेरिकेने जिंकल्या, पण त्या दिवशी तिथे आणि शेजारच्या एल कॅनीला मिळून दोनशेहून जास्त अमेरिकन मेले आणि हजारावर जखमी झाले. अमेरिकन लष्कराने धडा इतका मनावर घेतला की त्यांची पुढची रायफल, १९०३ ची स्प्रिंगफील्ड, माउझरच्या वळणाची निघाली. इतकी वळणाची की पेटंटपोटी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले.

मग पाळी ब्रिटिशांची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या सरकारांनी या काडतुसाच्या हजारो माउझर रायफली घेऊन ठेवल्या होत्या. १८९९ च्या डिसेंबरात कोलेन्झोला आणि पुढच्या जानेवारीत स्पायन कोपला इंग्रजी फौजेची जी वाताहत झाली तिच्यात या रायफलींचा मोठा हात होता. शत्रू दिसत नाही, धूर दिसत नाही, माणसं पडतात. स्पायन कोपच्या जखमींना डोलीतून वाहणाऱ्यांत हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक होतं आणि त्यात तीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. युद्धातल्या शल्यचिकित्सकांनी नोंदवून ठेवलं की माउझरच्या जखमा बारीक आणि स्वच्छ असतात, हाड किंवा महत्त्वाचा अवयव वाचला तर माणूस लवकर बरा होतो. बारीक, लांबट, अखंड गोळी जे करणार तेच.

मार खाल्लेल्या इंग्रजांनी मग स्वतःची नवी रायफल आखली. ती १९१३ साली चाचणीला आली. तिचं माप .२७६ इंच. म्हणजे किती मिलिमीटर? सात! पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ती योजना बारगळली, थ्री नॉट थ्रीच चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, १९५१ साली .२८० चं काडतूस मंजूरही केलं, पुन्हा सात मिलिमीटरच. अमेरिकेला ते पसंत नव्हतं, चर्चिलच्या सरकारने ते गुंडाळलं. सात मिलिमीटरशी इंग्रजांचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं.

पण खाजगीत त्यांनी हे काडतूस कधीच घरात घेतलं होतं, फक्त नाव बदलून. लंडनचे बंदूकवाले जॉन रिग्बी आणि कंपनी माउझरची यंत्रणा आणून आपल्या सुबक रायफली घडवत. तेच ७×५७, पण नाव .२७५ रिग्बी. सात मिलिमीटर म्हणजे .२७५ इंच, म्हणून. बंदुकांच्या नावांचा हा घोळ मोठा मजेशीर आहे. गोळी खरं तर .२८४ इंच जाड. नाव आट्यांच्या उंचवट्यांमधल्या अंतरावरून, गोळी आट्यांच्या खाचांच्या मापाची. थ्री नॉट थ्रीची गोळी .३०३ इंचाची नसते, आणि .२७० ची .२७० ची नसते. नावावर जाऊ नये, हे माणसांइतकंच काडतुसांनाही लागू.

या .२७५ रिग्बीतली एक रायफल आपल्या ओळखीची आहे. १९०७ साली कुमाऊंत चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने मारलं. तिच्या नावावर ४३६ माणसं होती. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला ही रायफल भेट दिली. दस्त्यावर तशी कोरलेली चांदीची पट्टी आहे. चंपावतची वाघीण मात्र या रायफलीने मेली नाही. तिच्यासाठी कॉर्बेटकडे .५०० होती आणि शेवटचा बार तर त्याने तहसीलदाराची बंदूक मागून काढला. रिग्बीची खरी कसोटी १९२६ च्या मे महिन्यात लागली. रुद्रप्रयागचा बिबट्या, सरकारी नोंदीत १२५ बळी. आंब्याच्या झाडावर रात्र काढून, अंधारात टॉर्चच्या झोतात कॉर्बेटने एकच गोळी झाडली. मोठ्या वाघांसाठी त्याच्याकडे जाड नळीची दुनळीही होती, पण डोंगर चढउतार करत दिवसेंदिवस फिरताना ही हलकी रायफल त्याच्या हातात बसली होती. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली निघालं ते मुंबईतून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेकडून. पुढे रायफलही याच प्रकाशनसंस्थेकडे राहिली आणि २०१५ साली ती रिग्बी कंपनीकडे परत गेली. दुसऱ्याच वर्षी तिला कुमाऊंत फिरवून आणलं.

हिंदुस्थानात शिकाऱ्याच्या हातातलं काडतूस कोणतं असावं हे कायद्याने फार ठरवलं. लष्करी मापाची काडतुसं प्रजेच्या हाती पडू नयेत ही ब्रिटिशांची जुनी धास्ती. १९०७ च्या सुमारास .४५० च्या रायफली इथे बंद झाल्या, म्हणूनच विलायती बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी मापं काढली. मघाशी भेटलेली हत्तीची .४७० ही अशी आपल्या इथल्या बंदीची लेक! थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला नाही, तर .३१५ घ्या. .३१५ इंच म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर. आजही परवान्याच्या रायफलीचं हे आपल्याकडचं ओळखीचं माप आहे आणि त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होत आली आहेत. १८६९ पासूनचा हा कारखाना. जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात ती किर्कीची, म्हणजे खडकीचीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, त्यामुळे आपल्याकडे या विषयाची चव आता वाचूनच घ्यायची. आणि हो, शोभेची म्हणून कुणी जिवंत काडतूस देऊ केलं तर घेऊ नका. विनापरवाना एक काडतूसही शस्त्र कायद्यात बसतं.

तर मग हे काडतूस मागे का पडलं?

पहिलं कारण त्याचं दीर्घायुष्य. १८९३ च्या जुन्या माउझर रायफली अजून कुणाकुणाच्या माळ्यावर आहेत. त्यांचं पोलाद जुनं, कुलूप नाजूक. एखाद्याने नवं, जोरदार काडतूस त्यात घातलं तर अपघात. म्हणून अमेरिकन कारखाने ७×५७ मध्ये मुद्दाम कमी दारू भरतात. त्यांची दाबाची मर्यादा साडेतीन हजार वातावरणांच्या आसपास, युरोपात तीच ३,९००. अमेरिकन ग्राहक डब्यावरचा वेग वाचतो, शेजारच्या डब्याशी ताडतो आणि हे खाली ठेवतो. म्हाताऱ्या नातेवाइकांचा मान राखण्यात तरुणाची पगारवाढ अडकली म्हणायची.

दुसरं कारण त्याची अडनिडी उंची. अमेरिकेत रायफलीची यंत्रणा दोन लांबीची करतात, एक ५१ मिलिमीटरच्या नळकांड्यांसाठी आखूड, दुसरी ६३ वाल्यांसाठी लांब. ५७ ना इकडचं ना तिकडचं. १९८० साली रेमिंग्टनने सेव्हन एम-एम झिरो-एट आणलं: तीच सात मिलिमीटरची गोळी, आखूड नळकांड्यात, कामगिरी जवळपास माउझरचीच. जुना माल नव्या बाटलीत, आणि बाटली रॅकमध्ये नीट बसते.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: नावात ‘मॅग्नम’ नाही. मॅग्नम ही मुळात शॅम्पेनची दीड लिटरची बाटली. बंदूकवाल्यांनी तो शब्द उचलला आणि मोठं, जोरदार, महाग ते सगळं मॅग्नम झालं. १९६२ च्या सेव्हन एम-एम रेमिंग्टन मॅग्नमची गोळीही सात मिलिमीटरचीच, वेग बराच जास्त, धक्काही बराच जास्त. शंभर-दीडशे मीटरवरच्या हरणाला दोन्हींतला फरक कळत नाही. तो दुकानात पैसे मोजणाऱ्याला कळतो. ६.५ च्या बाबतीत तर कमालच झाली. स्वीडिश काडतुसाची लांबट-बारीक गोळीची कल्पना २००७ साली ६.५ क्रीडमोर या नावाने आखूड नळकांड्यात परत आली आणि दहा-बारा वर्षांत जगभर तिचा डंका वाजला. स्टॉकहोमच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी काय म्हटलं असेल, याची मी मनातल्या मनात कल्पना करतो.

आणि आता ते बूड. ७×५७ च्या बुडाचा व्यास बारा मिलिमीटर, सदऱ्याच्या बटणापेक्षा किंचित मोठा. हे माप त्याला आलं १८८८ च्या जर्मन लष्करी काडतुसाकडून. अमेरिकेने माउझरच्या वळणाची रायफल केली तेव्हा तिच्या काडतुसाचं बूडही तेवढंच ठेवलं. ते १९०६ चं थर्टी-ऑट-सिक्स. त्याच्यापासून १९२५ चं .२७०. त्याच बुडावर १९५२ चं .३०८, त्याचं भावंड १९५५ चं .२४३, मग झिरो-एट. खुद्द ७×५७ चा गळा आवळून १९३४ साली .२५७ रॉबर्ट्स झालं. क्रीडमोरचं बूडही बारा मिलिमीटर. दुकानातल्या फळीवर जी काडतुसं या म्हाताऱ्याला मागे सारून उभी आहेत ती उलटी करून पाहिली, तर तळाशी बहुतेक ठिकाणी तेच बटण.

२०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन लष्कराने पायदळासाठी नवी रायफल आणि नवं काडतूस निवडलं. गोळी नावाने ६.८ मिलिमीटर, सातला जेमतेम कमी. लांबट, बारीक. दाब साडेपाच हजार वातावरणांच्या घरात, इतका की नुसतं पितळ तो सोसू शकत नाही, म्हणून वरचा भाग पितळेचा ठेवून बूड वेगळं, पोलादाचं बसवलं आहे.

पोलादाचं हे बूड मोजलं तर भरतं बारा मिलिमीटर.